दोनशे डॉलरांत निर्दोष

संगणक एकाएकी गोठला, माउस हलेना, आणि पडद्यावर एफबीआयचे बोधचिन्ह, न्याय खात्याचे नाव, आपला आयपी पत्ता व एका चौकटीत वेबकॅमने टिपलेला आपलाच बावरलेला चेहरा असे सारे एकदम अवतरले, तर वाचकहो, सर्वप्रथम आनंद मानावा. एवढ्या मोठ्या खात्याने आपल्यासारख्या सामान्य माणसाची दखल घ्यावी, हे भाग्य २०१२ साली अमेरिकेतील असंख्य घरांना लाभले. जर्मनीत तोच मान तिथल्या केंद्रीय गुन्हे पोलिसांच्या नावाने वाटला गेला, तर इंग्लंडमध्ये मेट्रोपोलिटन पोलिसांच्या नावाने. आपण कोणत्या देशात बसला आहात हे ओळखून त्या देशाची भाषा आणि त्या देशाच्या पोलिसांचे चिन्ह पुढे करण्याची सोय ‘रेव्हेटॉन’ नावाच्या या खंडणीखोर प्रोग्रॅममध्ये होती. नागरिकाशी त्याच्याच भाषेत बोलण्याची एवढी तसदी खरी सरकारी खाती तरी घेतात का?

आता आरोप वाचावेत. लहान मुलांची अश्लील छायाचित्रे बाळगण्यापासून चोरीची गाणी उतरवून घेण्यापर्यंतची यादी मुद्दामच ऐसपैस ठेवलेली असते. पहिले कलम वाचून आपण संतापतो आणि शेवटच्या कलमापाशी येऊन गप्प होतो, कारण एखादे गाणे फुकट उतरवलेले असतेच. चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते खरे, परंतु इथे चोर पडद्याच्या पलीकडे असतो आणि चांदणे मात्र अलीकडे पडते.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, म्हणून दंड तातडीने भरावा. रक्कम साधारण दोनशे डॉलर असते. एवढ्या गंभीर गुन्ह्यांचे एवढ्या स्वस्तात तोडपाणी आमच्याकडचा हवालदारही करणार नाही. त्यासाठी दुकानात जाऊन ‘मनीपॅक’चे आगाऊ पैसे भरलेले कार्ड विकत घ्यावे व त्यावरचा क्रमांक पडद्यावरील चौकटीत भरावा. (युरोपात ‘यूकॅश’ किंवा ‘पेसेफकार्ड’ चालत असे.) पावती मागू नये. पैसे भरूनही संगणक सुटला नाही, तर न्यायदानाला विलंब लागतो हे आपल्याला नवीन नाही. संगणक सुटला तरी हा प्रोग्रॅम मागे राहून आपली माहिती गोळा करत असू शकतो, असे खऱ्या एफबीआयने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगितले होते. पण पडद्यावर एक एफबीआय प्रत्यक्ष हजर असताना दुसरीचे ऐकणे हा अनादर होईल.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे: संगणक कुणा जाणकाराला दाखवू नये. रेव्हेटॉन फायलींना कुलूप लावत नसे, नुसता पडदा अडवून बसत असे; त्यामुळे संगणक सेफ मोडमध्ये, म्हणजे जरुरीपुरत्याच प्रोग्रॅमांवर, सुरू करून त्याला हुसकावून लावण्याचा उपद्व्याप असली मंडळी करतात आणि दंड भरण्याची संधी हातची जाते. पोलीस ठाण्यातही जाऊ नये. जुलै २०१३ मध्ये व्हर्जिनियातील एक तरुण असाच संदेश पाहून, आपल्या नावे वॉरंट निघाले आहे का, हे विचारायला स्वतःच ठाण्यात गेला. त्याच्या संगणकात खरोखरच मुलांची आक्षेपार्ह छायाचित्रे सापडली आणि त्याला अटक झाली. तोतयांच्या खात्यात हाच माणूस दोनशे डॉलरांत निर्दोष सुटला असता.

त्याआधीच, फेब्रुवारी २०१३ मध्ये, स्पेनच्या पोलिसांनी या कार्यातील अकरा जणांच्या अटकेची घोषणा केली. टोळीचा म्होरक्या समजला जाणारा रशियन तरुण आधीच दुबईत धरला गेला होता, आणि टोळीची वार्षिक कमाई दहा लाख युरोंहून अधिक असल्याचे सांगितले गेले. बिनपगारी पोलिसांना एवढी कमाई तर हवीच.

आपल्याकडे याच सेवेची सुधारित आवृत्ती ‘डिजिटल अरेस्ट’ या नावाने मिळते. हिच्यात संगणक अडवण्याचीही गरज नाही. व्हिडिओ कॉलवर गणवेशातील साहेब येतात आणि आपण आपल्याच घरात, आपल्याच विजेवर, आपली अटक स्वतः राबवतो. कायद्यात अशी कोणतीही अटक नाही, असे ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये सांगितले, परंतु ते गणवेशात नव्हते. तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे खरा, पण तो फिरवायला चालू कॉल बंद करावा लागतो, आणि साहेबांनी तर कॉल बंद करू नका म्हणून बजावलेले असते.