तीनपैकी दोन फेऱ्या जिंकूनही मेरी कोम हरल्या, आणि तरीही तो निकाल चोरीचा नव्हता

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीने मला एक संदेश पाठवला आणि त्याखाली एकच ओळ लिहिली: ‘मामा, असं असेल तर मी कशाला घाम गाळू?’ ती चौदा वर्षांची आहे आणि दोन वर्षांपासून नेमाने बॉक्सिंग शिकते. तो संदेश तिला तिच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या भावजींनी, पाठवला होता. मुलीने हा खेळ सोडावा असे त्यांना पहिल्यापासून वाटते, आणि हा मजकूर त्यांच्या हाती आयताच सापडला. टोकियो ऑलिम्पिकमधील मेरी कोम यांच्या पराभवाविषयीची ही तक्रार २०२१ पासून फिरते आहे, आणि एखादा भारतीय बॉक्सर थोडक्यात हरला की ती पुन्हा वर येते. आजवर मी तिकडे दुर्लक्ष करत आलो. आता ती आमच्या घरात शिरून एका मुलीच्या उमेदीवर उठली असल्याने तिचा समाचार घेणे मला भाग आहे.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. २९ जुलै २०२१ रोजी ५१ किलो वजनगटाच्या उपउपांत्यपूर्व लढतीत मेरी कोम यांनी कोलंबियाच्या इन्ग्रिट व्हॅलेन्सियाविरुद्ध तीनपैकी दोन फेऱ्या जिंकल्या, तरी त्यांना पराभूत ठरवण्यात आले. ठोसेही त्यांचेच जास्त लागले होते. लढतीच्या एक मिनिट आधी त्यांना जर्सी बदलायला लावून कट रचला गेला. त्यांच्या हक्काचे पदक एका नवख्या खेळाडूच्या गळ्यात घातले गेले. बॉक्सिंगचे पंच विकलेलेच असतात, म्हणून आपल्या मुलींना या खेळात पाठवू नका.

सगळा डोलारा पहिल्या मुद्द्यावर उभा आहे, म्हणून तो नीट पाहू. टोकियोत प्रत्येक लढतीला पाच पंच गुण देत होते. प्रत्येक पंच प्रत्येक फेरीनंतर कोणाशीही न बोलता आपला कौल देतो. फेरी जिंकणाऱ्याला १० गुण मिळतात, हरणाऱ्याला बहुतेक वेळा ९, आणि फेरी फारच एकतर्फी झाली असेल तर ८ किंवा त्याहून कमी. तीन फेऱ्या संपल्यावर त्या पंचाच्या गुणांची बेरीज होते, त्या बेरजेत जो पुढे असेल त्याला त्या पंचाचे मत जाते, आणि पाचपैकी तीन मते ज्याला मिळतील तो विजयी ठरतो. या संपूर्ण हिशेबात ‘अमुक फेरी बहुमताने कोणी जिंकली’ हा प्रश्न कोठेही विचारला जात नाही. फेरीनिहाय बहुमत हे प्रेक्षकांना पडद्यावर दिसणारे चित्र आहे. निकाल लागतो तो प्रत्येक पंचाच्या स्वतंत्र बेरजेवर.

आता त्या लढतीचे प्रत्यक्ष कौल पाहू, कारण ते तेव्हाच जाहीर झालेले आहेत आणि वाद मिटवायला तेवढे पुरेसे आहेत. पहिली फेरी पाचपैकी चार पंचांनी व्हॅलेन्सियाला दिली. दुसरी फेरी तीन पंचांनी मेरी कोम यांना आणि दोघांनी व्हॅलेन्सियाला दिली. तिसऱ्या फेरीतही कौल तसाच, म्हणजे तीन विरुद्ध दोन असा मेरी कोम यांच्या बाजूने पडला. म्हणजे दोन फेऱ्या बहुमताने त्यांनी जिंकल्या हे खरे आहे. परंतु पाच पंच आणि तीन फेऱ्या मिळून एकूण पंधरा कौल होतात, आणि त्यांपैकी आठ व्हॅलेन्सियाला व सात मेरी कोम यांना मिळाले; पंचनिहाय बेरजेत तीन पंच व्हॅलेन्सियाच्या बाजूने गेले, दोन मेरी कोम यांच्या. एक फेरी मोठ्या फरकाने गमावली आणि दोन फेऱ्या निसटत्या फरकाने जिंकल्या, तर एकूण हिशेबात माणूस मागे राहू शकतो. त्यात लबाडीची गरज नाही.

हे मी भाचीला तोंडी सांगितले तेव्हा तिला पटले नाही. मग तिच्या वहीच्या मागच्या पानावर पाच उभे रकाने आणि तीन आडव्या ओळी आखल्या, रकान्यांवर पंचांचे क्रमांक घातले आणि तिला सांगितले की पहिल्या ओळीत ‘मे’ हे अक्षर फक्त एकदा येऊ दे, दुसऱ्या व तिसऱ्या ओळीत तीन-तीनदा येऊ दे, आणि मग प्रत्येक रकाना वरून खाली वाच. तिने दोन-तीन प्रकारे मांडून पाहिले. एका मांडणीत मेरी कोम यांना तीन पंचांची मते मिळत होती, तर दुसऱ्या मांडणीत दोनच, आणि दोन्ही मांडण्यांत फेऱ्यांचे बहुमत मात्र तेच होते. बारावीच्या उत्तरपत्रिका पाच परीक्षकांनी वेगवेगळ्या तपासल्या आणि प्रत्येक परीक्षकाने पास-नापास आपल्या बेरजेवर ठरवले, तर दुसऱ्या प्रश्नात बहुतेकांनी चांगले गुण दिले होते एवढ्यावरून विद्यार्थी उत्तीर्ण ठरत नाही, हे तिला लगेच समजले. संदेश लिहिणाऱ्याला हे समजले नसेल, किंवा समजूनही त्याने सोयीचा अर्धा भाग तेवढा उचलला असेल.

यातून एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, आणि ती मी लपवणार नाही. फरक अत्यंत थोडा होता. व्हॅलेन्सियाच्या बाजूने गेलेल्या ज्या पंचाने मेरी कोम यांना एक फेरी दिली होती, त्याने आणखी एक फेरी त्यांना दिली असती तर निकाल उलटा लागला असता. एवढ्या घासून झालेल्या लढतीत जाणकारांमध्येही दोन तट पडतात. तत्कालीन केंद्रीय मंत्री किरेन रिजिजू यांनी आपल्या दृष्टीने मेरी कोमच स्पष्ट विजेत्या असल्याचे लिहिले होते, आणि स्वतः मेरी कोम यांनाही आपण जिंकलो असेच वाटले होते. त्यांच्या भावनेच्या प्रामाणिकपणाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण ‘मला हा निकाल चुकीचा वाटतो’ आणि ‘हा निकाल विकत घेतला गेला’ या दोन विधानांमध्ये फार मोठे अंतर आहे, आणि संदेश ते एका उडीत ओलांडतो.

ठोशांच्या संख्येचा मुद्दा तर जुन्या काळातला आहे. बटण दाबून लागलेले ठोसे मोजण्याची संगणकीय पद्धत ऑलिम्पिकमध्ये १९९२ पासून २०१२ पर्यंत होती. ती पद्धत गेली. आजचे पंच लक्ष्यभागावर बसलेल्या दर्जेदार ठोशांचा, तंत्र व डावपेच यांतील वरचष्म्याचा आणि लढाऊपणाचा एकत्रित विचार करून फेरी कोणाची ते ठरवतात. मी स्वतः काही वर्षे जिल्हा पातळीवरील स्पर्धांत पंच म्हणून बसलो आहे, आणि तेथे पहिल्याच दिवशी कळणारी गोष्ट अशी की कानावर विश्वास ठेवता येत नाही. समोरच्याने वर धरलेल्या ग्लोव्हजवर आदळलेला ठोसा मोठा आवाज करतो आणि सभागृह ओरडते. गालाच्या कडेला स्वच्छ बसलेला ठोसा पुष्कळदा जेमतेम ऐकू येतो, फक्त डोके किंचित मागे जाते. ते मागे गेलेले डोके, एखाद्या खेळाडूची पाठ आड येत असेल तर, रिंगणाच्या एका बाजूच्या पंचाला दिसते आणि दुसऱ्या बाजूच्या पंचाला दिसत नाही. पाच पंच वेगवेगळ्या बाजूंना बसवतात ते याच कारणाने, आणि त्यांचे कौल वेगळे पडतात तेही पुष्कळदा याच कारणाने. संदेशासोबत जोडलेल्या चाळीस सेकंदांच्या चित्रफितीत फक्त मेरी कोम यांचे ठोसे निवडून एकत्र केले आहेत, आणि पहिली फेरी तर तिच्यात जवळपास नाहीच. पहिल्या घंटेपासून व्हॅलेन्सिया चाल करून जात होती आणि चार पंचांनी तिला कौल दिला, तो भागच गाळला की उरलेल्या लढतीत अन्याय दिसणारच.

जर्सीची तक्रार खरी आहे. मेरी कोम यांनी ती दुसऱ्या दिवशी जाहीरपणे केली आणि लढतीच्या जेमतेम एक मिनिट आधी आपल्याला वेश बदलायला का लावले, असा प्रश्न विचारला. अडतीसाव्या वर्षी ऑलिम्पिकच्या रिंगणात उतरणाऱ्या खेळाडूला अशा क्षणी असा त्रास होणे गैरच होते, आणि त्याने मन विचलित झाले असणेही शक्य आहे. परंतु ती तक्रार आयोजकांविरुद्धची आहे. जर्सीच्या गोंधळावरून पंचांचे गुण खोटे ठरत नाहीत.

पदकाचा मुद्दा मात्र निखालस खोटा आहे. ही लढत पदकाची नव्हतीच. ती जिंकणाऱ्याला पदक निश्चित करण्यासाठी आणखी एक विजय हवा होता, आणि व्हॅलेन्सियाला तो मिळाला नाही. पुढच्याच लढतीत जपानच्या त्सुकिमी नामिकीने तिला ५-० असे हरवले आणि ती टोकियोहून रिकाम्या हाताने परतली. तिला नवखी म्हणणे हेही अज्ञानच आहे, कारण २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तिने याच गटात कांस्यपदक मिळवले होते. मेरी कोम यांनी तिला त्याआधी दोनदा हरवले होते आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत तर ५-० असे हरवले होते, हे खरे. पण तेव्हाही गुण देणारे पाच पंचच होते आणि पद्धतही दहा गुणांचीच होती, आणि त्या दिवशी आपल्यापैकी कोणालाही पंचांचा संशय आला नव्हता.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्याचा पाया अर्धा खरा आहे. बॉक्सिंगमधील पंचगिरीचा इतिहास काळाकुट्ट आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकच्या अंतिम लढतीत अमेरिकेच्या रॉय जोन्स ज्युनियरने ८६ ठोसे लगावले, यजमान देशाच्या पार्क सी-हुनने ३२, आणि सुवर्णपदक पार्कला मिळाले. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत आपल्या सरिता देवी यांना यजमान देशाच्याच पार्क जी-नाविरुद्ध पराभूत ठरवले गेले, तेव्हा त्यांनी पदक गळ्यात घालून घेण्यास नकार दिला आणि त्यापायी बंदीही सोसली. रिओत आयर्लंडचा मायकेल कॉनलन हरला आणि त्याला ‘हरवणारा’ रशियाचा निकितिन इतका जखमी होता की त्याला पुढची लढत खेळताच आली नाही. अखेर आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटनेला (एआयबीए) निलंबित केले आणि टोकियोतील स्पर्धा आपल्या कृती गटामार्फत भरवली. रिओतील निकालांमध्ये फेरफार झाल्याचा निष्कर्ष रिचर्ड मॅक्लारेन यांच्या चौकशीने २०२१ मध्ये काढला.

पण या उदाहरणांकडे नीट पाहिले तर खरी चोरी कशी दिसते ते कळते. ८६ विरुद्ध ३२ हा फरक आणि पंधरा कौलांतील आठ विरुद्ध सात हा फरक एकाच तागडीत घालणे म्हणजे जोन्स आणि सरिता देवी यांच्यावरील अन्यायाची किंमत कमी करणे आहे. शिवाय टोकियोत प्रत्येक फेरीनंतर गुण जाहीर होत होते, त्यामुळे पहिल्या फेरीत आपण चार विरुद्ध एक असे मागे आहोत हे कळायला शेवटपर्यंत थांबावे लागत नव्हते. मेरी कोम यांची एक तक्रार मात्र मी पूर्णपणे मान्य करतो: तेथे निकालाविरुद्ध दाद मागण्याची सोयच नव्हती. एवढ्या अटीतटीच्या लढतीत फेरतपासणीचा मार्ग असायला हवा होता, आणि संदेश लिहिणाऱ्याला काही मागायचेच होते तर हे मागता आले असते.

पंच भारताच्या विरोधात होते असे ज्यांना वाटते, त्यांनी ३० जुलै २०२१ ही तारीखही पाहावी. मेरी कोम हरल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्याच रिंगणात आणि त्याच गुणपद्धतीने आसामच्या लवलिना बोरगोहेनने चिनी तैपेईच्या माजी विश्वविजेत्या चेन निएन-चिनला ४-१ असे हरवून ऑलिम्पिक पदक निश्चित केले. मुलींना या खेळात पाठवू नका असे सांगणाऱ्या संदेशात लवलिनाचे नाव एकदाही नाही. ते नाव मी भावजींना कळवले आहे, आणि वहीतल्या त्या पानाचे छायाचित्रही पाठवले आहे. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.

काल संध्याकाळी भाचीने संपूर्ण लढत मिळवली आणि आम्ही दोघांनी ती आवाज बंद करून पाहिली. प्रत्येक फेरीनंतर चित्र थांबवायचे, एकमेकांचा कागद न पाहता कौल लिहायचा आणि मगच पुढे जायचे असे ठरले होते. तिच्या कागदावर मेरी कोम २९-२८ अशा जिंकल्या, माझ्या कागदावर व्हॅलेन्सिया २९-२८ अशी जिंकली, आणि तिसऱ्या फेरीवरून आमचा जेवणाच्या ताटावरही वाद चालू होता. पहिली फेरी मात्र आम्ही दोघांनीही व्हॅलेन्सियालाच दिली होती.