गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दहा दिवसांचं अँटिबायोटिक का दिलं नाही

नमस्कार ताई,

आईंच्या गुडघेरोपणानंतर घरी जाताना अँटिबायोटिकची एकही गोळी लिहून दिली नाही, शेजारच्या काकूंना दुसरीकडे दहा दिवसांचा कोर्स मिळाला होता आणि आम्ही पैसे वाचवायला आईंचा जीव धोक्यात घातला, असं आपण लिहिलं आहे. आईंच्या केसपेपरमधलं काही इथे उघड करणार नाही. आमच्याकडे सगळ्यांसाठी पद्धत एकच आहे, ती सांगतो.

जखमेत जंतू शिरतात ते मुख्यतः छेद दिल्यापासून टाके पडेपर्यंत. तेवढा वेळ औषध मांसात आणि हाडात मुरलेलं हवं. म्हणून छेदाआधीच्या तासाभरात सेफाझोलिन हे अँटिबायोटिक 2 ग्रॅम शिरेतून देतो. वजन 120 किलो किंवा जास्त असेल तर 3 ग्रॅम. गुडघ्यात आणखी एक मेख आहे. मांडीला टूर्निकेटचा पट्टा फुगवला की खालचा रक्तपुरवठा थांबतो, मग दिलेलं इंजेक्शन गुडघ्यापर्यंत पोचतच नाही. त्यामुळे डोस पूर्ण आत जाऊन काही मिनिटं झाल्याशिवाय पट्टा फुगवायचा नाही. ऑपरेशन 4 तासांपुढे लांबलं किंवा रक्तस्राव 1500 मिलीच्या वर गेला, तर पुन्हा डोस. सेफाझोलिन चालणारच नसेल तर व्हँकोमायसिन, पण ते सावकाश, 1 ग्रॅमला निदान एक तास लावून. घाईने सोडलं तर अंग लाल होतं, बीपी पडतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016च्या मार्गदर्शक सूचना तर ऑपरेशन संपल्यावर हे औषध लांबवूच नका असं सांगतात. आत इम्प्लांट, म्हणजे बसवलेला कृत्रिम सांधा, असल्याने आम्ही 24 तासांपर्यंत देतो आणि थांबवतो. पुढच्या गोळ्यांनी संरक्षण वाढत नाही. जुलाब, किडनीवर ताण आणि औषधाला न जुमानणारे जंतू मात्र वाढतात. शिवाय त्या गोळ्या आपण मेडिकलमधूनच घेतल्या असत्या, त्या न लिहिण्यात आमची बचत होत नाही.

आता आमची चूक. हे कारण डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं नव्हतं. आणि चौथ्या दिवशी ड्रेसिंग ओलं झालं म्हणून आपण फोन केलात, तेव्हा रिसेप्शनवरून ‘सोमवारी दाखवा’ असं सांगितलं गेलं. हे चुकलंच. मनापासून माफी मागतो. ओलं ड्रेसिंग त्याच दिवशी डॉक्टरांनी पाहायला हवं, मग रविवार असो की दिवाळी.

कारण जंतू इम्प्लांटवर चिकट थर धरतात आणि त्या थराखाली गोळी पोचत नाही. सुरुवातीलाच कळलं तर सांधा उघडून धुऊन, आतला प्लास्टिकचा भाग बदलून बहुतेकदा इम्प्लांट वाचवता येतं. उशीर झाला तर सगळा सांधा काढावा लागू शकतो. म्हणून जखम पाझरताना कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळी आणून देऊ नका. पाणी काही दिवस थांबेल, पण पुढे सांध्यातलं पाणी कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) पाठवलं तर जंतू सापडणार नाही आणि नेमकं औषध निवडता येणार नाही.

जखम अजून ओली, लाल किंवा गरम असेल, ताप असेल किंवा दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, तर आजच आईंना घेऊन या. कोथरूडहून रिक्षात बसण्याआधी फोन करा, नंबर लावायची गरज नाही. इंजेक्शन किती वाजता दिलं आणि पट्टा किती वाजता फुगवला, याची भूलतज्ज्ञांच्या कागदावरची नोंदही आपल्याला दाखवू.