सिनेमाकडून नेमकं घ्यायचं काय? गॅरेजच्या डायोरामावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

रात्रीच्या गॅरेजचा माझा डायोरामा, म्हणजे छोट्या मॉडेलांनी रचलेला देखावा, तुम्ही इतक्या बारकाईने पाहिलात आणि जे खटकलं ते मोकळेपणाने लिहिलंत, याबद्दल मनापासून आभार. धूर, ओला रस्ता, निळसर अंधार हे सगळं सिनेमातून उचललेलं आहे, अंधारात कामातल्या उणिवा झाकल्या जातात आणि एका फोटोपुरता बांधलेला डायोरामा म्हणजे नुसतं नेपथ्य, असं तुमचं म्हणणं आहे. शेवटी आव्हानही दिलंत: हेच गॅरेज भर दुपारी दाखवा.

नेपथ्याचा मुद्दा आधी घेतो, कारण खरं दुमत तिथे आहे. मॉडेलभोवती फिरून ते पाहण्यात वेगळा आनंद असतो, तो मला मान्यच आहे. पण डायोरामा जन्माला आला तोच समोरून बघण्यासाठी. १८२२ साली लुई दागेर आणि शार्ल बूतों यांनी पॅरिसमध्ये डायोरामा या नावाचा देखाव्यांचा खेळ सुरू केला. अंधारात बसलेल्या प्रेक्षकांपुढे कापडावर रंगवलेलं भव्य चित्र असायचं आणि पुढून-मागून पडणारा उजेड बदलत त्यातली वेळ पालटायची. पुढे १८३९ मध्ये याच दागेरची दागेरोटाइप ही छायाचित्रणाची पद्धत जगापुढे आली. एकाच बाजूने बघणं, उजेडाने गोष्ट सांगणं आणि कॅमेरा या तिन्ही गोष्टी मला त्यामुळे एकाच घरातल्या वाटतात.

आता धूर. ‘ब्लेड रनर’ (१९८२) या सिनेमातल्या शहराच्या मिनिएचर, म्हणजे छोट्या मॉडेलांच्या, दृश्यांतही धूर भरून चित्रण केलं होतं, तेव्हा मी तो तिथूनच घेतला असं म्हणालात तरी माझी हरकत नाही. पण तो का लागतो हे पाहायला हवं. खऱ्या शहरात लांबची इमारत फिकट दिसते, कारण मधे किलोमीटरभर हवा असते. टेबलावर ती जेमतेम हातभर असते, म्हणून ती दाट करावी लागते. धूर नसला तर मागची भिंत पुढच्या भिंतीइतकीच ठसठशीत दिसते आणि खेळणं उघडं पडतं.

पाण्याचं गणित उलटं आहे. पाण्याचा थेंब लहान करता येत नाही. तीन मिलिमीटरचा थेंब १:३५ च्या, म्हणजे खऱ्यापेक्षा पस्तीसपट लहान केलेल्या, रस्त्यावर दहा सेंटिमीटरचा गोळा होऊन बसतो. त्यामुळे त्या ओल्या रस्त्यावर पाणी अजिबात नाही, चकचकीत वॉर्निश आहे.

पण या झाल्या युक्त्या. सिनेमाकडून मी सगळ्यात जास्त शिकलो ते कुठे उभं राहायचं आणि कोणत्या क्षणाला थांबायचं. १:३५ मध्ये उभ्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण साडेचार सेंटिमीटरवर येते. लेन्स तितकी खाली नेली की बघणारा रस्त्यावर उतरतो, वर ठेवली की तो टेबलापाशीच राहतो.

आणि क्षण. गॅरेजचं शटर सेंटिमीटरभर उचललेलं आहे, खालून पिवळा उजेड येतोय. टायरचे चिखलाचे माग आत जातात, बाहेर येत नाहीत. उघड्यावर एक स्टूल आहे, त्यावर घडी केलेला रेनकोट. सगळा रस्ता चकाकतो, फक्त रेनकोटवर मॅट वॉर्निश आहे. तो कोरडा आहे, म्हणजे पाऊस थांबल्यावर कुणीतरी तो तिथे ठेवला. त्या कुणाची आकृती मी मुद्दाम केली नाही. मॉडेलं बनवून त्यांचे फोटो काढणाऱ्या मायकल पॉल स्मिथ यांच्या ‘एल्गिन पार्क’ या काल्पनिक गावाच्या फोटोंत १:२४ च्या मोटारी आणि मिनिएचर घरं आहेत, मागे खरी झाडं आणि खरं आकाश आहे, पण माणूस कुठेच दिसत नाही. म्हणूनच ते फोटो बघताना आपण मनातल्या मनात त्यात शिरतो.

अंधारात उणिवा झाकल्या जातात हे मात्र मला मुळीच पटत नाही. कडेने येणारा एकच दिवा लावून जवळून फोटो काढा. प्लास्टिकचा सांधा, ब्रशचा चुकार केस, धुळीचा कण, सगळं दसपट होऊन समोर येतं. उजेडातला तो चार बोटांचा तुकडा माझ्या आजवरच्या कामातला सगळ्यात निगुतीने केलेला तुकडा आहे.

रंगांबद्दल मात्र तुमच्याशी सहमत आहे. फोटोवर निळा-नारिंगी मुलामा चढवला की तो ‘सिनेमासारखा’ होतो, या समजुतीने पुष्कळ चांगली कामं एकसारखी दिसायला लागली आहेत. दृश्यातल्या प्रत्येक उजेडाला धनी हवा. इथे पिवळा आतल्या बल्बचा आहे आणि निळा आभाळाचा, तिसरा रंग नाही.

दुपारचं आव्हान मी आनंदाने घेतो. दुपार रात्रीपेक्षा अवघड आहे. दिवा जवळ असला की सावल्या फाकतात आणि सूर्य खोटा ठरतो. सावल्या समांतर आणि ठाशीव हव्या असतील तर लहानसा, प्रखर दिवा शक्य तितका लांब न्यावा लागेल. गोष्टही बदलेल. दुपारी चिखल वाळलेला असेल, कोरड्या रेनकोटचं कुणाला काहीच वाटणार नाही आणि शटरखालचा पिवळा उजेड उन्हापुढे दिसणारच नाही. आत कुणीतरी आहे हे मग दुसऱ्या कशाने तरी सांगायला हवं. शटरखालून बाहेर येणारा, अजून ओला असलेला ऑइलचा ओघळ सध्या माझ्या डोक्यात आहे. तुम्हाला काही वेगळं सुचलं तर खाली जरूर लिहा.