मदत मागायला आलेल्याच्या हातात आधी फॉर्म देऊ नका

मानसिक आजाराने जे हिरावून घेतलेलं असतं, नेमकं तेच सरकारी यंत्रणा रुग्णाकडे मागते. नैराश्यात अंथरुणातून उठणंही जड जातं. त्याच माणसाला आपण सांगतो, केसपेपर काढा, शिफारसपत्र आणा, पुढच्या आठवड्यात या. तो आला नाही की ‘गैरहजर’ असा शेरा पडतो आणि नाव कमी होतं. ज्यांना उपचारांची सर्वांत जास्त गरज, तेच असे गळतात.

एका नातेवाईक मुलीसोबत मी अशा रांगेत उभी होते. खिडकीतून प्रश्न आला, तोही मोठ्याने: “जीव द्यावासा वाटतो का? हो की नाही?” मागे सगळी माणसं. ती ‘नाही’ म्हणाली. खरं उत्तर मला माहीत होतं. खिडकीतल्या बाईंवर माझा राग नाही, तो रकाना भरल्याशिवाय त्यांना फाइल पुढे पाठवताच येत नव्हती. पुढे तीच सगळी हकिकत समुपदेशकांनी विचारली, मग निवासी डॉक्टरांनी, मग मोठ्या डॉक्टरांनी. आधी लिहिलेलं कुणीच वाचलं नव्हतं. शेवटी ती एकेका शब्दात उत्तरं द्यायला लागली.

पैसा कमी आहे, मान्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या पाहणीत जगभरातली सरकारं आरोग्याच्या बजेटमधले जेमतेम २ टक्के मानसिक आरोग्यावर खर्च करताना दिसली. मध्यम उत्पन्नाच्या देशांत त्यातलाही बहुतांश पैसा मनोरुग्णालयांवर जातो, म्हणजे माणूस पुरता कोसळल्यानंतर. पण झिम्बाब्वेतल्या हरारेमध्ये २००६पासून प्रशिक्षण दिलेल्या आज्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून लोकांचं ऐकून घेतात. त्याची रीतसर चाचणी झाली, २०१६मध्ये निष्कर्ष आले आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा नैराश्याची लक्षणं स्पष्टपणे कमी झालेली दिसली. इटलीतल्या त्रिएस्तेमध्ये मनोरुग्णालय बंद करून वस्त्यांमध्ये चोवीस तास उघडी केंद्रं सुरू केली. तिथे चिठ्ठीशिवाय थेट आत जाता येतं.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते इंग्लंडने २००८पासून केलेलं काम. तिथे समुपदेशनासाठी स्वतःच नाव नोंदवता येतं आणि प्रत्येक भेटीत छोट्या प्रश्नावलीवर रुग्णाची लक्षणं मोजली जातात. त्यामुळे किती जणांना तपासलं याच्या पलीकडे, किती जण सुधारले हे कळतं आणि ते आकडे जाहीरही होतात. तिथेही प्रतीक्षा यादीच्या तक्रारी आहेतच. पण तो कागद निदान रुग्णाच्या कामाचा आहे. आपण भरतो ते बहुतेक तक्ते फक्त वरच्या कार्यालयाला पाठवण्यासाठी असतात.

म्हणून माझं मागणं साधं आहे. पहिल्या भेटीत आधी बोलणं व्हावं, तेही बंद दाराआड, नोंदी नंतर. जो कर्मचारी पहिल्यांदा भेटेल, त्यानेच रुग्णाचा पाठपुरावा करावा. हकिकत एकदाच लिहिली जावी आणि पुढच्या प्रत्येकाने ती वाचूनच समोर बसावं. भेट चुकली तर नाव कमी करण्याआधी फोन व्हावा.

मात्र सगळे कागद फाडा, असं मी अजिबात म्हणत नाही. इच्छेविरुद्ध दाखल करताना, बांधून ठेवताना, जबरदस्तीने औषध देताना प्रत्येक गोष्ट लेखी हवी, कारणासकट, वेळेसकट, आणि बाहेरच्या कुणीतरी ती तपासायला हवी. ‘लालफीत कमी करतोय’ म्हणत कुणी या कागदांना हात लावला, तर मी त्याच्या विरोधात उभी राहीन.