घाम ग्लासला, ऊब वाइनला

नमस्कार. प्रतिक्रिया चांगलीच खरमरीत लिहिलीत, म्हणून उत्तरही जरा लांबणार आहे.

तुमचा पहिला टोला बिनतोड. ‘ग्लासात ओतलेली गार व्हाइट वाइन दर चार मिनिटांना एक अंश तापते’ असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, ‘या हिशेबाने 10 अंशांची वाइन दोन तासांत 40 अंशांवर जाईल, खोली 30 अंशांचीच असली तरी!’ कबूल. वाइन आणि खोली यांच्या तापमानात जेवढा फरक, तेवढा तापण्याचा वेग. फरक निम्म्यावर आला की वेगही साधारण निम्मा. न्यूटनने 1701 साली एका निनावी लॅटिन निबंधात हेच मांडलं होतं, तेव्हा मला नवं कारण सांगायची सोय नाही. पहिल्या वीसेक मिनिटांत तो वक्र जवळजवळ सरळच दिसतो, आणि माझा ग्लास काही त्याहून जास्त टिकत नाही, म्हणून मी रेघ ओढून मोकळा झालो. लेखात दुरुस्ती केली आहे.

दुसरा मुद्दा: ‘ग्लासला बाहेरून पाणी सुटतं, ते माठासारखं वाइन गार ठेवतं, हे तुम्ही विसरलात.’ विसरलो खरा. पण हिशेबात ते धरायचं तर उलट्या बाजूला धरावं लागतं. माठातलं पाणी झिरपून बाहेर येतं आणि उडून जातं. उडायला लागणारी उष्णता ते माठाकडून घेतं. ग्लासवरचं पाणी हवेतून आलेलं. वाफेचं पाणी होताना तीच उष्णता बाहेर पडते, आणि पडते ती नेमकी गार काचेवर. ग्रॅममागे सुमारे 2450 जूल! 150 मिलिलिटर वाइन आणि तिला लागून असलेली काच मिळून एक अंश तापवायला जेमतेम 680 जूल पुरतात. म्हणजे ग्रॅमभर दव जमलं की साडेतीन अंश गेले.

तुमचं वाचल्यावर राहवेना. ठाण्यातलं घर, पावसाळी दमट संध्याकाळ, खोली 30 अंश. ग्लासात ओतल्यावर वाइन 10 अंशांवर होती, वीस मिनिटांनी 16 च्या थोडी पुढे. मग आधी वजन करून ठेवलेल्या टिश्यूने ग्लास पुसला (घरचे बघत होते, असो) आणि तो टिश्यू पुन्हा छोट्या काट्यावर ठेवला. वजन 0.6 ग्रॅमने वाढलेलं. करा गुणाकार: दोन अंशांहून थोडं जास्तच. एकूण तापण्यातला तिसरा हिस्सा एकट्या दवाचा! माझा चार मिनिटांचा आकडा तोकडा पडला तो यामुळेच. तेव्हा काहीतरी सुटलंय हे तुम्ही बरोबर हेरलंत.

हा शोध माझा नव्हे. वॉशिंग्टन विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ डेल डुरान आणि डार्गन फ्रिअर्सन यांनी 2013 मध्ये ‘फिजिक्स टुडे’त बिअरच्या गार डब्यावर हेच दाखवलं होतं.

‘मग बाटलीला ओलं फडकं गुंडाळलं तर?’ असं तुम्ही विचारणारच. फडक्यातलं पाणी उडतं, छागळीतलं पाणी तसंच तर गार होतं. पण त्यालाही तळ असतो. नागपुरात मे महिन्यात, 42 अंशांच्या कोरड्या हवेतसुद्धा ओलं फडकं फार तर बाविशी-पंचविशीपर्यंत उतरतं. ठाण्याच्या पावसाळ्यात तर तेवढंही नाही. दहा अंशांच्या बाटलीला त्याचा काय उपयोग? बर्फ घातलेल्या पाण्याची बादली बरी.

राहता राहिली दांडी. ‘ग्लास दांडीने धरणं ही नुसती ऐट.’ ऐट आहेच थोडी. पण तळवा 32-33 अंशांचा असतो आणि काचेला चिकटलेला हात तिथल्या हवेपेक्षा कितीतरी वेगाने उष्णता देतो. फ्रीजमध्ये विसरलेली रेड वाइन फारच गार निघाली, तर मीही ऐट सोडून ग्लास दोन्ही हातांत चहाच्या कपासारखा धरून बसतो.