'रणगाडा सोडायला हवा होता' या आक्षेपाबद्दल

नमस्कार. १९७१च्या भारत-पाक युद्धात रणगाड्यातून लढताना मारले गेलेले परमवीर चक्राचे मानकरी सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांच्यावरच्या माझ्या लेखाला आपण तीन हरकती घेतल्यात. दहा पॅटन (पाकिस्तानचे रणगाडे) त्यांनी एकट्याने उडवले हा आकडा फुगवलेला आहे, त्यांचा सेंच्युरियन मुळातच सरस रणगाडा होता, आणि पेटलेल्या गाडीतून बाहेर पडा असं सांगितलेलं न ऐकणं हा पोरकट आवेश होता.

पहिली हरकत बरोबर आहे. दहा हा शकरगड भागातल्या जरपालजवळच्या त्या चकमकीत आपल्या तीन रणगाड्यांनी मिळून उडवलेल्या पॅटनचा आकडा आहे. त्यातले चार खेत्रपाल यांच्या नावावर जमा आहेत. लेखात दुरुस्ती केली आहे.

दुसरी अर्धीच खरी. सेंच्युरियनच्या बुरुजाचं (तोफ बसवलेल्या फिरत्या भागाचं) समोरचं चिलखत १५२ मिमी जाड, तोफ वीस पौंडी म्हणजे ८४ मिमीची, आणि तिला स्थिरक, म्हणजे गाडी चालतानाही नेम टिकवणारी यंत्रणा होती. पण पॅटनची तोफ ९० मिमीची, शिवाय अंतर मोजायचं यंत्र आत बसवलेलं. सेंच्युरियनचं इंजिन पेट्रोलवर चालणारं, वेग रस्त्यावरही ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास. जवळच्या अंतरावर दोन्ही गाड्या एकमेकींना फोडू शकत होत्या.

आता तिसरी, जिच्यासाठी हे उत्तर लिहायला घेतलं. १६ डिसेंबर १९७१ची परिस्थिती बघा. बसंतर नदीपलीकडे ४७ इन्फन्ट्री ब्रिगेडचं पायदळ पोचलेलं, सुरुंग काढायचं काम अर्धवट, तरीही पूना हॉर्स या खेत्रपाल यांच्या रेजिमेंटचे रणगाडे सुरुंगांतून पार झालेले. रेजिमेंटच्या 'बी' स्क्वॉड्रनने मदत मागितली तेव्हा 'ए' स्क्वॉड्रनमधले खेत्रपाल आपला ट्रूप, म्हणजे मोजक्या रणगाड्यांची तुकडी, घेऊन आपणहून निघाले. वाटेतल्या शत्रूच्या रिकॉइललेस (रणगाडाविरोधी) तोफांच्या मोर्चांवर थेट रणगाडे घातले, त्यात ट्रूपमधला एक रणगाडा-कमांडर मारला गेला. पुढे मागे हटणाऱ्या पॅटनचा त्यांनी पाठलागही केला. आवेश म्हणायचा तर तो इथे होता, आणि या पाठलागावर आपण बोट ठेवलं असतं तर मी वाद घातला नसता. हा पाठलाग आवेशाच्या भरात केला, असं त्यांच्या मानपत्रातही म्हटलं आहे.

पॅटनचा दुसरा हल्ला आला तेव्हा मात्र गोष्ट निराळी होती. त्या बाजूला आपले तीनच रणगाडे उभे. लेफ्टनंट अहलावत यांच्या गाडीला गोळा बसून ते जखमी झाले, कॅप्टन मल्होत्रांची तोफ चालेना. उरली ती खेत्रपाल यांची 'फामागुस्ता' नावाची गाडी. तीही पेटलेली, आणि ते स्वतः जबर जखमी.

अशा गाडीत थांबणं म्हणजे काय? सेंच्युरियनमध्ये इंजिन आणि पेट्रोल मागे, मध्ये पोलादी पडदा, पुढे लढाऊ कक्षात कमांडर, गनर आणि लोडर. काही गोळे चालकाशेजारी, बाकीचे बुरुजाखाली. आग पडद्यामागे असेपर्यंत थोडा अवधी मिळतो. ती गोळ्यांच्या दारूपर्यंत आली की काही सेकंदही हातात राहत नाहीत. वीज गेली तरी बुरूज आणि तोफ हाताच्या चाकांनी फिरवता येते, फक्त वेळ लागतो. म्हणून अशा वेळी कमांडर बघतो ते एकच: तोफ चालते का? खेत्रपाल यांनी रेडिओवर तेच कळवलं, तोफ चालू आहे, गाडी सोडणार नाही.

ती गाडी रिकामी झाली असती तर पॅटन आणि मागचं पायदळ यांच्यात त्या बाजूला काहीच उरत नव्हतं. त्यांनी आणखी एक पॅटन टिपला, मग दुसरा गोळा बसला. वय २१, रेजिमेंटमध्ये येऊन जेमतेम सहा महिने. दुसऱ्या दिवशी युद्धबंदी झाली.

आपण न विचारलेली एक चूक मात्र माझी. गाडीत चौघे होते. चालक प्रयागसिंग आणि गनर नथूसिंग वाचले, रेडिओ सांभाळणारे सवार नंदसिंग मारले गेले. त्यांचं नाव लेखात राहून गेलं होतं, ते आज घातलं आहे.