कोमल रे आणि अण्णा

"दोनच बोटं कामून चालवायलास? बाकीच्यांला लकवा हाय का?" परभणीच्या आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाचे पेटीवाले अण्णा माझा जॅझचा रियाज ऐकून भर संध्याकाळी दारात, दूधवाल्यासमोर विचारते झाले. दूधवाला हसला. त्याला काय कळलं, देव जाणे.

आता ही दोन बोटं म्हणजे आळस नव्हे. पांढरी एकला सा धरा. जॅझमध्ये पावलोपावली भेटणारी टू-फाइव्ह-वन, म्हणजे सप्तकाच्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या सुरावरच्या कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या सुरांची) माळ, अशी: रे म ध सा, मग प नी रे म, मग सा ग प नी. कॉर्डचा मूळ सूर खालचे सूर वाजवणारा बासवाला सांभाळतो, त्या सुरापासून मोजलेल्या पाचव्यावाचून काही अडत नाही. उरले तिसरा आणि सातवा, कॉर्डची जात तेच सांगतात. पहिल्यात म-सा, दुसऱ्यात म-नी, तिसऱ्यात ग-नी. आधी सा अर्ध्या स्वराने नीवर उतरतो, म जागचा हलत नाही. मग म गवर उतरतो, नी जागचा हलत नाही. सोलोत हे उतरणं नेमकं कॉर्ड बदलताना पकडलं की साथीला कुणी नसलं तरी कॉर्ड ऐकू येतात. नवशिके तिन्हींवर एकच सप्तक वरखाली घासतात, आणि शेवटच्या कॉर्डवर जोराच्या मात्रेला म ठाण मांडून बसतो. खटकतोच.

हे सगळं अण्णांना सांगितलं.

"म्हंजे पाच सुराचे पैशे घ्यायचे आन् दोन वाजवायचे."

"अण्णा, कॉर्डमध्ये चारच असतात."

"बगा! एक आधीच खाल्ला."

मग मी ट्रायटोन सब्स्टिट्यूशन काढलं, म्हणजे एका कॉर्डच्या जागी दुसरी बसवायची युक्ती. पवरच्या कॉर्डऐवजी कोमल रेवरची: कोमल रे, म, कोमल ध, नी. म आणि नी तेच राहतात म्हणून ती खपते, आणि खालचा सूर रे, कोमल रे, सा असा पायऱ्या उतरतो. अण्णांनी डोळे मिटले. वाटलं, पोचलं.

"भैरव हाय. संध्याकाळच्याला भैरव? सकाळी वाजीव की लेका."

चूक म्हणावं तर सूर खरंच भैरवातले! या माणसाशी भांडायचं कसं? बरं, गावात बासवाला शोधावा तर डीजेवाला भेटतो, आणि त्याच्या बासला सूर नसतो, तावदानं असतात.

हल्ली अण्णा भिंतीपलीकडे पेटीवर सा-प धरून बसतात, मला आधार म्हणून. प नी रे म आली की त्यांचा सा माझ्या नीला खेटतो आणि हलत नाही. तक्रार करावी तर मंडळाचे अध्यक्षही तेच.